चित्रप्रदर्शन बघायला जाताना: शाळेतली आणि घरची तयारी



आमचं कवठे येमाई म्हणजे कलावंतांचं गाव. बशीर मोमीन कवठेकर यांनी लिहिलेल्या लावण्या आणि वगनाट्यं तमाशाच्या फडांवर गाजली. तमाशा कसा बघायचा, दाद कधी द्यायची हे आमच्या मुलांना शिकवावं लागत नाही. पण भिंतीवरचं चित्र कसं बघायचं, हे त्यांनी घरात कधी पाहिलेलं नसतं.

आम्ही पहिल्यांदा मुलांना पुण्याला प्रदर्शनाला नेलं, तेव्हा हेच झालं. दोन-अडीच तासांचा प्रवास आणि वीस मिनिटांत मुलं दाराबाहेर! परत येताना चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, तिथं तर काहीच नव्हतं." मला फार लागलं ते. डबे, पाण्याच्या बाटल्या, संमतीपत्रं, सगळी तयारी मी केली होती. बघण्याची तयारी तेवढी राहिली होती. पुढच्या वेळी ती अशी केली.

जाण्याआधी

सुरुवात घरातल्या तसबिरीपासून केली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो आपल्याच पुणे जिल्ह्यात मळवलीला गेला. त्यांच्या छापील चित्रांमुळे लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. मुलांना विचारलं: लक्ष्मी कशावर उभी आहे? मागे काय दिसतं? उजेड कुठल्या बाजूनं येतो? मग सांगितलं, की छापील चित्रात रंगाचा थर आणि ब्रशचे फटकारे नीट कळत नाहीत. ते मूळ चित्रातच दिसतात, म्हणून आपण तिथं जायचं.

नियमही कारणासकट सांगावेत. हाताचा घाम आणि तेल लागून रंग खराब होतात, म्हणून हात लावायचा नाही. फोटो काढायचा तर विचारून, आणि फ्लॅश न वापरता.

तिथे गेल्यावर

सगळी चित्रं बघायचा हट्ट नको. आधी एक फेरी मारायची, मग प्रत्येकानं एकच चित्र निवडून पाच मिनिटं थांबायचं. आधी लांबून बघायचं, मग जवळून. शेजारच्या चिठ्ठीवर चित्राचं नाव, चित्रकार, माध्यम लिहिलेलं असतं. ती लगेच वाचायची नाही. आधी चित्राला आपण नाव द्यायचं, मग वाचायचं.

जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व कलादालनासारख्या ठिकाणी बऱ्याचदा चित्रकार स्वतः भेटतात. त्यांना विचारायचे दोन प्रश्न वर्गातच ठरवून ठेवा. अशी प्रदर्शनं थोडेच दिवस असतात, त्यामुळे तारीख आणि वेळ आधी विचारून घ्या.

परत आल्यावर

लगेच निबंध लिहायला लावू नका. "कुठलं चित्र आवडलं नाही? का?" एवढंच विचारा. मुलं मोकळेपणानं बोलतात. पुण्याला जाणं जमत नसेल, तर शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून मुलांचीच चित्रं लावा आणि पालकांना बोलवा. बघण्याची रीत तीच ठेवा.

दुसऱ्या सहलीत तोच मुलगा एका शेताच्या चित्रापुढे बराच वेळ उभा होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "बाई, हे ऊन भर दुपारचं आहे. सावली बघा ना, माणसाच्या पायाखालीच आहे."

त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानंच बघितलं होतं.