व्हिडिओ गेम, मोबाइल आणि मुलांचे अध्ययन : पेडणे व डिचोली तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
गोवा शासनाने २००२ मध्ये 'सायबरएज' योजना सुरू केली आणि उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचू लागले. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा पेडणे व डिचोली तालुक्यांतील खेड्यांतही मोबाइल हाच वर्ग झाला. पुढे शाळा उघडल्या. मोबाइल मात्र मुलांच्या हाती राहिला. त्यावरील खेळांनी मूल बिघडते की हुशार होते, असे पालक अध्यापकांना विचारतात. या प्रश्नाचा येथे थोडक्यात विचार केला आहे.

संशोधन काय सांगते :
(१) अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील ग्रीन व बाव्हेलिए यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, वेगवान व्हिडिओ गेमच्या सरावाने दृष्टीचे अवधान वाढते. परंतु त्यांच्या प्रयोगातील व्यक्ती तरुण होत्या, लहान मुले नव्हत्या. शिवाय पडद्यावरील हालचाली चटकन टिपणे आणि धड्याचा आशय समजणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

(२) वाइस व सेरांकोस्की यांनी २०१० मध्ये ६ ते ९ वर्षांच्या मुलग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला गेमचे यंत्र लगेच दिले, दुसऱ्याला चार महिन्यांनी. चार महिन्यांनंतर पहिल्या गटाचे वाचन-लेखनाचे गुण कमी आढळले. शाळेनंतर अभ्यासाला दिला जाणारा त्यांचा वेळ घटला होता.

(३) पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या व्यक्तीकडून बालके त्या भाषेचे ध्वनी ओळखू लागली; तेच बोलणे पडद्यावर दाखवले तेव्हा मात्र शिकली नाहीत. हा निष्कर्ष शाळकरी मुलांना जसाच्या तसा लागू होत नाही, तथापि भाषा संवादातून येते हे त्यातून दिसते.

स्थानिक संदर्भ :
आपल्या भागातील अनेक मुले घरी कोकणी बोलतात, प्राथमिक शाळेत मराठीतून शिकतात व पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. या दोन उड्यांसाठी वाचन व मोठ्यांशी बोलणे आवश्यक असते. खेळ नेमका हाच वेळ खाऊ लागला, तर नुकसान दुहेरी होते. ते लगेच दिसत नाही. महाविद्यालयात परिच्छेदाचा सारांश लिहिता न येणाऱ्या विद्यार्थ्याच्या रूपाने कधीकधी समोर येते. अर्थात त्याची इतर कारणेही असू शकतात.

अध्यापकांनी काय करावे :
(अ) 'किती तास खेळतो?' याबरोबरच 'त्या वेळात पूर्वी काय करत होता?' असेही विचारावे. झोप, वाचन, मैदानी खेळ व गप्पा शाबूत असतील तर घाबरण्याचे कारण नाही.
(आ) प्रत्येक खेळणाऱ्यास व्यसनी म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग विकार' मान्य केला आहे. पण खेळावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळ वरचढ होणे व हानी होऊनही तो चालू राहणे, हे सामान्यतः वर्षभर दिसल्यासच.
(इ) खेळाचे नियम, त्यातील गोष्ट मुलाला मराठीत सांगायला व लिहायला लावावी. खेळ मग संवादाला निमित्त ठरतो.

निष्कर्ष :
खेळ स्वतः शत्रूही नाही, गुरूही नाही. त्याने कोणाची जागा घेतली, यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो. ती जागा राखणे पालक व अध्यापक यांच्या हाती आहे.