जर-तरची इंग्रजी आणि व्यापाऱ्याचा पैसा

कापड मोजता येते, भाव ठरवता येतो, उधारीची वहीही चोख ठेवता येते, पण इंग्रजीत छापलेला कागद समोर आला की आपल्यापैकी बरेचजण "सही कुठे करायची?" एवढेच विचारतात. सही आपली असते आणि नुकसानही आपलेच होते. म्हणून व्यापारापुरते इंग्रजी व्याकरण प्रत्येक दुकानदाराने आणि कारागिराने पक्के केले पाहिजे.

मी बार्शीटाकळीत उर्दू माध्यमातून शिकलो. त्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाली. परीक्षेपुरते व्याकरण पाठ केले आणि दुकानाच्या गादीवर बसल्यावर विसरलो. पुढे बाहेरगावच्या एका पेढीकडून सूटिंगचा माल मागवला. त्यात तेरा तागे डागी निघाले. तिसऱ्याच दिवशी फोन केला, समोरून "पाहू" असे उत्तर आले. पंधरा दिवस वाट पाहून पत्र पाठवले, तेव्हा त्यांनी बिलाच्या तळाशी छापलेली बारीक ओळ दाखवली: "नो क्लेम विल बी अॅक्सेप्टेड अनलेस इट इज मेड इन रायटिंग विदिन सेव्हन डेज." म्हणजे सात दिवसांच्या आत लेखी कळवल्याशिवाय कोणतीही तक्रार मान्य होणार नाही. मुदतीत मी कळवले होते, पण तोंडी. "इन रायटिंग" या दोन शब्दांपायी तेरा ताग्यांचे पैसे गेले.

शर्त आणि जजा

उर्दू शाळेत शिकलेल्यांना हा विषय नवा नाही. "अगर"ने सुरू होणारा भाग म्हणजे शर्त आणि "तो"नंतर येणारा भाग म्हणजे जजा. मराठीत हेच जर-तर. इंग्रजीत "इफ" म्हणजे जर, "अनलेस" म्हणजे जब तक नहीं, "प्रोव्हायडेड दॅट" म्हणजे बशर्ते की आणि "अदरवाइज" म्हणजे वर्ना. यांत "अनलेस" सर्वांत फसवा आहे, कारण नकार त्याच्या पोटातच असतो. त्याच्या जागी "इफ नॉट" घालून वाचले की अर्थ लगेच उघडतो.

अशा वाक्यांचे तीन प्रकार व्यापारात नेहमी येतात.

पहिला प्रकार कराराचा. "इफ यू पे विदिन फिफ्टीन डेज, वी विल गिव्ह फाइव्ह पर्सेंट डिस्काउंट." पंधरा दिवसांत पैसे दिलेत, तर पाच टक्के सूट देऊ. उर्दूत आपण "देंगे तो देंगे" असे दोन्हीकडे भविष्यकाळ बोलतो, म्हणून इंग्रजीतही "इफ यू विल पे" लिहून बसतो. ते चूक आहे. "विल" फक्त जजेच्या भागात येते.

दुसरा प्रकार बोलणीचा. "इफ यू पेड कॅश, वी वुड रिड्यूस द रेट." येथे "पेड" भूतकाळी दिसते, पण व्यवहार झालेला नाही, रोखीची नुसती कल्पना केली आहे. "विल" लिहिले तर वचन होते, "वुड" लिहिले तर बोलणे मोकळे राहते. पार्टीच्या पत्रात "वुड" असेल तर ती सूट मिळालीच असे समजून हिशेब धरू नये.

तिसरा प्रकार पश्चात्तापाचा. "इफ आय हॅड रिटन अ लेटर, आय वुड नॉट हॅव लॉस्ट द मनी." पत्र लिहिले असते, तर पैसे गेले नसते. याचा अनुभव वर सांगितलाच आहे.

चेकच्या कायद्यातील शर्ती

न वटलेल्या चेकचा कायदा हा जर-तरचा मोठा धडा आहे. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टमध्ये कलम १३८ हे १ एप्रिल १९८९पासून लागू झाले. चेक परत आला म्हणजे गुन्हा झालाच, असे अनेकांना वाटते. परंतु कलमाच्या पोटात "प्रोव्हायडेड" आणि "अनलेस" बसलेले आहेत. चेक मुदतीत बँकेत भरलेला असला पाहिजे. १ एप्रिल २०१२पासून ही मुदत तीन महिने आहे. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने पैसे दिले नाहीत, तरच गुन्हा पुरा होतो. त्यानंतर एक महिन्याच्या आत कोर्टात तक्रार करावी लागते. ओळखीखातर "आज देतो, उद्या देतो" ऐकत बसणाऱ्याचे ३० दिवस कधी सरतात, ते त्यालाच कळत नाही.

शब्द कसा बनतो

उर्दूत बे, ना, गैर लावून अर्थ उलटतो: बेहिसाब, नापसंद, गैरहाजिर. इंग्रजीत तेच काम अन, डिस आणि नॉन करतात: अनपेड, डिसऑनर, नॉन-रिफंडेबल. मात्र प्रत्येक "इन" नकाराचा नसतो. "इनव्हॅलिड" म्हणजे रद्द, पण "इनव्हॉइस" म्हणजे बिल.

शब्दाच्या शेवटाकडेही लक्ष द्यावे. "अर" किंवा "ऑर" म्हणजे करणारा, "ई" म्हणजे ज्याच्याकडे जाते तो. बिल्टीवर कन्साइनर म्हणजे माल पाठवणारा, कन्साइनी म्हणजे माल घेणारा. चेकवर सही करणारा ड्रॉवर आणि ज्याच्या नावाचा चेक आहे तो पेई. ही दोन नावे उलटसुलट भरली, तर माल सोडवताना हेलपाटे पडतात.

सराव कसा करावा

महाग क्लासची गरज नाही. आपलीच बिले, बिल्ट्या आणि बँकेचे कागद घ्या. रोज एक शर्तीचे वाक्य वहीत उतरवा, खाली उर्दू किंवा मराठी अर्थ लिहा आणि "अनलेस"चे "इफ नॉट" करून पाहा. घरात शाळेत जाणारी मुले असतील, तर त्यांच्याकडून तपासून घ्या. त्यात कमीपणा नाही.

आणि सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. शर्त कोणावर आहे? मुदत किती आणि कोणत्या दिवसापासून? तोंडी चालेल की लेखीच हवे? तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय पेन उघडू नये.