रात्री वारंवार लघवीला उठता? प्रोस्टेटबरोबर साखर आणि पोटाचा घेरही तपासा

“वय झालं, आता रात्री उठावं लागणारच,” असं म्हणून अनेक पुरुष हा त्रास वर्षानुवर्षं अंगावर काढतात. आमच्या देवळाली प्रवरा, राहुरी भागातही पुष्कळ ज्येष्ठ मंडळी लघवी अडल्यावरच दवाखाना गाठतात. इतका उशीर करू नका.

नेमकं काय होतं?

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांमध्ये ती वाढू लागलेली असते. मग धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब थेंब होते. ही वाढ कर्करोग नाही. मात्र लक्षणं सारखी असू शकतात, म्हणून तपासणी हवीच.

पोट आणि साखरेचा संबंध

पोटावर चरबी साठली की इन्सुलिन नीट काम करत नाही आणि शरीर ते जास्त बनवू लागतं. हे जादा इन्सुलिन, चरबीमुळे होणारा दाह आणि हार्मोन्समधले बदल प्रोस्टेटच्या वाढीला हातभार लावतात, असं मानलं जातं. त्यामुळे पोट सुटलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या पुरुषांत हा त्रास जास्त आढळतो.

पुरुषांच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा. नाडीचा पायजमा किंवा धोतर वापरणाऱ्यांना वाढलेला घेर जाणवतच नाही. म्हणून टेपनेच मोजा.

प्रोस्टेट की साखर?

तीन दिवस लघवीची वेळ आणि अंदाजे प्रमाण लिहून ठेवा. दर वेळी भरपूर लघवी आणि सोबत तहान असेल, तर साखर वाढल्याची शंका घ्यावी. थोडी थोडी, जोर करून होत असेल, तर प्रोस्टेटची. अनेकांत दोन्ही कारणं एकत्र असतात. ही वही डॉक्टरांना दाखवा.

रक्तदाब, साखर, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी यातून बरंच कळतं. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, तेही पाहतात. पीएसए ही रक्ततपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचारा.

तुम्ही काय कराल?

- रोज अर्धा तास भरभर चाला. शेतातली कामं करत असलात तरीही.
- उसाचा रस आणि गुळाचा चहा आवरा. गुळानेही साखर वाढते.
- दिवसभराचं पाणी तोडू नका. झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी कमी करा आणि संध्याकाळनंतर चहा टाळा.
- सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडू शकते. त्या मनाने घेऊ नका.
- मधुमेहाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. त्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

पोट कमी केल्याने वाढलेली ग्रंथी पूर्ववत होईलच असं नाही. पण त्रास सौम्य होऊ शकतो आणि हृदय व मूत्रपिंडांनाही फायदा होतो. गरजेनुसार औषधं असतात. काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते, म्हणून रात्री आधी खाटेवर बसा, मग उभे राहा.

थांबू नका

लघवी पूर्ण बंद झाली, लघवीतून रक्त आलं किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा.