कॉल सेंटरची नोकरी आणि लघवी रोखून धरण्याची सवय

कॉल सेंटरमध्ये तुमच्या प्रत्येक मिनिटाची नोंद होते. लॉगिन कधी केले, कॉल किती वेळ चालला, ब्रेक किती लांबला, हे सगळे टीम लीडरला स्क्रीनवर दिसते. जागेवरून उठलात तर आकडे बिघडतात. म्हणून अनेकजण लघवी रोखून धरतात आणि हळूहळू पाणी पिणेच कमी करतात.

शरीरात काय होते?

मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिली लघवी मावते. 150 ते 200 मिली साठली की पहिली जाणीव होते. एखाद्या वेळी थांबल्याने नुकसान होत नाही. मात्र रोज कमी पाणी पिऊन तासन्‌तास लघवी रोखली, तर जंतू बाहेर धुतले जात नाहीत आणि वाढतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा असल्याने त्यांना हा संसर्ग लवकर होतो. लघवी घट्ट राहिल्याने मुतखड्याचा धोकाही वाढतो. एसीमध्ये तहान फारशी जाणवत नाही, हेही लक्षात ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

लघवीला जळजळ, वारंवार लागणे, ओटीपोटात दुखणे ही लक्षणे दिसली की घरी 'उन्हाळी लागली' म्हणून धण्याचे पाणी किंवा सब्जा देतात. त्याने तात्पुरते बरे वाटेल, पण संसर्ग जाईलच असे नाही. लघवीची तपासणी करून घ्या. घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नका.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे, उलट्या किंवा लघवीतून रक्त ही लक्षणे असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नाइट शिफ्टहून आल्यावर 'आधी झोपतो' म्हणू नका. गरोदर स्त्रिया आणि मधुमेहींनी साध्या जळजळीसाठीही थांबू नये.

काय करता येईल?

• लॉगिनपूर्वी आणि प्रत्येक ब्रेकमध्ये लघवीला जाऊन या. तीन-चार तासांहून अधिक थांबू नका.
• बाटली टेबलावर ठेवून घोट घोट पाणी प्या. लघवी फिकट पिवळी असावी.
• त्रास वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना शिफ्ट आणि ब्रेकच्या वेळा सांगा. जादा ब्रेकची गरज असल्याचे लेखी प्रमाणपत्र मागा आणि ते एचआरला द्या.

घरच्यांनी 'तू पाणीच पीत नाहीस' म्हणून रागावण्याआधी एक विचारावे: कामावर उठू देतात का?