लॅग घरातला की आकाशातला?

लवासा वरसगाव धरणाच्या काठी, डोंगरांनी वेढलेलं. इथे आधी बघायचं ते आकाश. उपग्रह इंटरनेटच्या डिशसमोर कडा किंवा झाड आडवं आलं, तर राउटरच्या सेटिंगनं काही होत नाही.

भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. सिग्नलच्या जाण्यायेण्यातच जवळपास अर्धा सेकंद जातो. त्यावर घरात औषध नाही. स्टारलिंकचे उपग्रह पाचेकशे किलोमीटरवर, म्हणून हा हेलपाटा काही मिलिसेकंदांचा. तरी व्हिडिओ कॉल अडखळतो? बहुधा कुणाच्या तरी फोनमधले फोटो क्लाउडवर चढत असतात आणि मोडेमपाशी पॅकेटांची रांग लागते.

ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणारा राउटर असेल तर त्यात रांग सांभाळणारी ‘एसक्यूएम’ ही सोय सुरू करा, तिच्यातली ‘केक’ ही पद्धत निवडा आणि अपलोड-डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८० ते ९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग जातो, पण रांग आपल्या राउटरच्या ताब्यात येते. उपग्रहाचा वेग सतत खालीवर होतो, त्यामुळे मोजणी रात्रीच्या गर्दीच्या वेळी करा. पहाटेचा आकडा फसवा. मग मोठी फाइल अपलोडला लावून पिंग बघा. महागडा ‘गेमिंग’ राउटर त्यानंतर, तोही लागलाच तर.