विजेचं इंग्रजी: खरं किती, खोटं किती?

इंटर्नशिपचा दुसरा आठवडा. वळवाच्या पावसाच्या एका फोटोला इंग्रजीत कॅप्शन हवी होती. मी ऐटीत लिहून दिली आणि मॅडमनी त्यातल्या एका अक्षराभोवती लाल गोल काढला. 'लाइटनिंग'च्या स्पेलिंगमध्ये मी 'टी'नंतर 'ई' घुसवला होता. ''हे झालं हलकं होणं. आकाशातली वीज 'ई'शिवाय चमकते,'' मॅडम म्हणाल्या. तुम्हीही स्टेटस टाकताना हीच चूक केली असेल, तर लाजू नका. आपण खूप जण आहोत!

त्या दिवसापासून मला विजेच्या इंग्रजीचा नादच लागला. 'ही स्टोल माय थंडर' हेच घ्या ना. रात्र जागून प्रेझेंटेशन केलं तुम्ही आणि वर्गात टाळ्या घेऊन गेला ग्रुपमधला दुसराच, तेव्हा म्हणायचं हे वाक्य. यामागचा किस्सा भारी आहे. १७०९ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमध्ये जॉन डेनिसचं नाटक आलं. त्यासाठी त्याने गडगडाटाचा आवाज काढायची नवी युक्ती शोधली होती. नाटक पडलं. पण थोड्याच दिवसांत तिथेच 'मॅकबेथ'च्या प्रयोगात त्याला स्वतःचाच गडगडाट ऐकू आला! माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट मात्र चोरतात, असं म्हणून तो जाम भडकला, असं सांगतात.

'स्टॉर्म इन अ टीकप' तर आपल्याकडे 'पेल्यातलं वादळ' होऊन असं रुळलं, की ते पाहुणं आहे हे लक्षातही येत नाही. आणि 'सायक्लोन'? हा शब्द घडवला कोलकात्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टनने, १८४० च्या दशकात. गोल फिरणाऱ्या वाऱ्यांसाठी त्याने तो ग्रीकवरून घेतला.

इथपर्यंत सगळी मजाच होती. पण दोन वाक्प्रचारांपाशी मी थबकले.

पहिला, 'लाइटनिंग नेव्हर स्ट्राइक्स ट्वाइस'. म्हणजे एकदा आलेलं संकट त्याच जागी पुन्हा येत नाही. धीर द्यायला छान आहे, पण विजेच्या बाबतीत साफ खोटं. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर वर्षाला साधारण वीसेक वेळा वीज पडते.

दुसरा, 'अ बोल्ट फ्रॉम द ब्लू'. म्हणजे ध्यानीमनी नसताना कोसळलेली गोष्ट. ब्रेकअपचा मेसेज येतो ना, तशी. हा मात्र अक्षरशः खरा आहे. ढगातून निघालेली वीज आडवी जात पंधरा-सोळा किलोमीटर लांब, चक्क निळ्या आकाशाखाली पडू शकते.

आता आपलं मैदान आठवा. लांबवर गडगडतंय आणि कुणीतरी ओरडतं, ''अरे, पाऊस अजून तिकडेच आहे, एक ओव्हर होऊन जाऊ दे!'' आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेने जातात. त्यात शेतात राबणारी, झाडाखाली आडोशाला थांबलेली कितीतरी असतात. तुमच्या गावाकडेही अशी एखादी बातमी ऐकली असेल.

म्हणून हे लक्षात ठेवा. वीज चमकल्यावर सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला, तर मॅच सोडा आणि पक्क्या इमारतीत शिरा किंवा काचा बंद करून गाडीत बसा. झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' हे अॅप जवळपासच्या विजेचा इशारा देतं. ते स्वतःच्या फोनमध्ये घ्याच, पण गावाकडच्या काकांच्या, मामांच्या फोनमध्येही टाकून द्या.

आणि हो, 'गर्जेल तो पडेल काय' ही आपली म्हण गप्पा मारणाऱ्या मित्रासाठी राखून ठेवा. ढगासाठी ती वापरू नका. आकाशात गर्जना ऐकू आली, याचा अर्थ वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते.

स्पेलिंग चुकलं तर मॅडम लाल गोल काढतात. इथे मात्र तशी सोय नाही.