आनंदवल्ली : स्थलनाम, आख्यायिका आणि दांपत्यजीवन

नाशिकनजीकच्या गोदाकाठावरील आनंदवल्लीचे नाव रघुनाथराव पेशव्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्यावरून पडले, असे परंपरा मानते. तथापि १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या वधानंतर या दांपत्याचे खाजगी जीवन त्या अपराधाच्या संदर्भातच पाहिले गेले. ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ (१९०९) हे नाटक यांतून पतीला भरीस घालणारी महत्त्वाकांक्षी पत्नी ही प्रतिमा दृढ झाली. रघुनाथराव १७८३ मध्ये निवर्तले. आनंदीबाईंचा अंत १७९४ मध्ये, नजरकैदेत, आनंदवल्लीसच झाला. स्थलनामाच्या परंपरेवरून प्रेम निर्विवाद सिद्ध होत नाही. परंतु आख्यायिकेवरून अपराध सिद्ध मानणाऱ्या अभ्यासकाने हीच कसोटी तेथेही लावावयास हवी.